मालेच्या माळावर गॅसचं गोदाम

दिवाळीच्या सुट्टीत माणसं माहेरी जातात, देवाला जातात. मी गॅसची शेगडी मांडीवर घेऊन मुळशीला गेले.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. मी सोलापूरची, मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवते. भावाची गॅसची एजन्सी असल्यामुळे बायकांना गॅस वापरायला शिकवायचं कामही माझ्याच गळ्यात पडलेलं आहे. नळी कशी लावायची, वास आला तर काय करायचं, साबणाच्या पाण्यानं गळती कशी शोधायची, हे मी झोपेतसुद्धा सांगू शकते. पूर्वी ते ऐकायला कुणी येत नसे. मग मुंबईजवळच्या समुद्रात तेल आणि वायू सापडला, तो किनाऱ्याला आणायला नळ पडले, सिलिंडर भरायचे कारखाने उभे राहिले, आणि बघता बघता लोक गॅसच्या नंबरासाठी पुढाऱ्यांच्या चिठ्ठ्या आणू लागले. स्थळ बघायला गेलं की घरात गॅस आहे का, हेही विचारायची पद्धत पडली. हसू नका, माझ्या भाचीच्या वेळी मीच विचारलं होतं.

ऐंशी साल उलटून दोनतीन वर्षं झाली असतील. रशिदाचं पत्र आलं. रशिदा माझी अध्यापिका विद्यालयातली मैत्रीण, लग्नानंतर पौडला गेली आणि तिथेच शाळेत लागली. तिनं लिहिलं होतं, 'ह्यांना आमच्या भागाची गॅस एजन्सी मिळाली आहे. गोदाम बांधून तयार आहे. स्फोटक खात्याचे साहेब तपासायला येतील आणि मग परवाना. तू ये आणि इथल्या बायकांना शिकव. येताना शेगडी आण, इथे बहुतेकींनी ती पाहिलेलीसुद्धा नाही.'

भावाच्या दुकानातली एक जुनी शेगडी मी सोलापुरी चादरीत बांधली आणि निघाले.

भुकूमच्या पुढे

पुण्यापर्यंतचा प्रवास सांगण्यासारखा नाही, पाय मात्र सुजले. पौडच्या एसटीत शेजारी एक पटकेवाले आजोबा होते. त्यांनी गाठोड्याकडे बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "भजनाची पेटी का, बाई?"

मी म्हटलं, "शेगडी आहे."

"कोळशाची?"

"गॅसची."

आजोबा असे सरकले की पलीकडचा माणूस खिडकीतून बाहेर पडायचा राहिला. शेगडीत गॅस नसतो, तो सिलिंडरमध्ये असतो, हे मी भूगावपर्यंत समजावलं. भुकूम आलं तरी ते सरकलेलेच होते. उतरताना मात्र म्हणाले, "आमच्या सूनबाईला द्याल का एक?"

भुकूमच्या पुढे रस्ता डोंगरांच्या कुशीत शिरला. आम्हा सोलापूरकरांना हिरवं एवढं एकदम बघायची सवय नाही. आमच्याकडे नजर जाईल तिथपर्यंत काळी जमीन, आणि मध्ये एखादं बाभळीचं झाड पाहुण्यासारखं उभं. इथे भातकापणी चालली होती. कापलेल्या भाताचा वास खिडकीतून आत येत होता, आणि आंबेमोहराचा असेल तर तो वासच अर्धं जेवण असतो. बांधाबांधावर पाणी अजून झिरपत होतं. दिवाळीत ओली जमीन मी जन्मात पहिल्यांदा पाहिली.

पौड

रशिदा स्टँडवर उभी होती. केस पांढरे झाले होते, बाकी तशीच. मला बघून तिनं पहिलं वाक्य टाकलं, "किती वाळलीस गं. सोलापुरात पाणीच नाही, का जेवणही बंद केलंय?" मी म्हटलं, "तू दोघींचं खाल्लेलं दिसतंय." एवढं झाल्यावर आम्ही दोघी रडलो आणि मग घरी गेलो.

घर दुकानाच्या मागेच. दुकान किराणा आणि रॉकेलचं. रशिदाचे यजमान इब्राहिमभाई उंच, शांत, बोलताना दाढी कुरवाळणारे. तीन पिढ्यांचा त्यांचा धंदा आहे आणि आसपासच्या सगळ्या गावांना त्यांचा तराजू माहीत आहे. रात्री जेवायला आंबेमोहराचा भात आणि धरणाच्या पाण्यातल्या माशाचं कालवण होतं. भाकरीसुद्धा तांदळाची. आमच्याकडे भात म्हणजे सणाला नाही तर आजाऱ्याला, हे मी सांगितलं तेव्हा इब्राहिमभाईंना माझी खरोखर दया आली. मग मी माझी शेंगाचटणी पुढे केली. पहिल्या घासाला त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते म्हणाले, "सुमनताई, सोलापूरचा उन्हाळा पुडीत बांधून आणलात."

जेवता जेवता दिवे गेले. रशिदानं न बघता हात लांब करून कंदील घेतला. मी म्हटलं, "धरण तुमच्याकडे आणि अंधारही तुमच्याकडेच?"

"तेच तर," इब्राहिमभाई म्हणाले. "पाणी डोंगराखाली उतरतं, तिथं वीज होते, ती मुंबईला जाते. आजवर मुळशीतनं सगळं खालीच गेलं, ताई. पाणी गेलं, वीज गेली, पोरं गेली कामाला. आता पहिल्यांदा मुंबईच्या समुद्रातनं काहीतरी वर आमच्याकडं यायला निघालंय. ते माझ्या हातानं यावं, एवढीच इच्छा आहे."

भांडी विसळताना रशिदानं बाकीचं सांगितलं. ह्या इच्छेसाठी त्यांनी टेंपो विकला होता. घोटावड्याची जमीन कारखानेवाल्यांना दिली होती. रॉकेलचा परवाना चुलतभावाच्या नावावर करून दिला होता, कारण दोन्ही एका घरात ठेवून चालणार नव्हतं. साहेब परवा येणार होते. त्यांनी गोदाम नापास केलं तर पुन्हा कधी येतील ते सांगता येत नव्हतं, आणि पुण्यातला एक मोठा व्यापारी ह्याच एजन्सीसाठी टपून बसला होता. "आमचं सगळं त्या चार भिंतींत आहे, सुमन," ती म्हणाली. तिच्या हातात काचेच्या बांगड्या होत्या. लग्नातल्या पाटल्या कुठे गेल्या ते मी विचारलं नाही.

मालेचा माळ

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं गोदाम बघायला निघालो. पौडहून माले गावाच्या वाटेवर, वस्तीपासून लांब, उघड्या माळावर ते बांधलं होतं. जाताना रशिदानं मला बांधावरून जवळची वाट दाखवली आणि मी घोट्यापर्यंत चिखलात गेले. चप्पल आतच राहिली. रशिदा वाकून हसली, मदत मात्र इब्राहिमभाईंनीच केली. मी एका पायात चप्पल आणि एका पायात चिखल घालून त्यांचं स्वप्न बघायला पोचले.

गोदाम देखणं होतं, ह्यात वाद नाही. काळ्या दगडाचं जोतं, वर पांढऱ्या भिंती, चारी बाजूंनी तारेचं कुंपण, दारावर लाल अक्षरांत विडीकाडीला मनाई. गवंडी दारातच उभा होता. बबन त्याचं नाव, मालेचाच. पन्नाशीचा असेल, हात दगडासारखेच. मला म्हणाला, "हात फिरवून बघा, बाई. कुटं खड्डा लागला तर सांगा."

मी हात फिरवला. भिंत खरंच अंड्यासारखी गुळगुळीत होती. फिरवता फिरवता मी खाली वाकले आणि भिंतीचं बूड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपलं.

"खालच्या जाळ्या कुठे आहेत?" मी विचारलं.

"कसल्या जाळ्या?"

"जमिनीलगत झरोके हवेत. चारी भिंतींना. नकाशात असणार."

"व्हय, व्हते," बबन हसत म्हणाला. "नकाशापरमानं केले व्हते. मागनं मीच बुजवले. साहेब येणार, अन् भिंतीला बुडात भोकं? शोभतंय का ते? त्याची मजुरी बी घेतली न्हाई मी."

मी इब्राहिमभाईंकडे पाहिलं. ते म्हणाले, "मला वाटलं, बरंच केलं. खालून उंदीर येतात, ओल येते. आमच्या वडिलांनी किराण्याच्या गोदामाला सुईएवढं भोक ठेवू दिलं नाही कधी."

आता ह्यात चूक कुणाची म्हणायची? आयुष्यभर उंदराशी आणि ओलीशी लढलेला किराणा दुकानदार, आणि आयुष्यभर पावसाशी लढलेला गवंडी. मुळशीत पाऊस वरून पडत नाही, पश्चिमेकडून आडवा येतो. घरांच्या त्या अंगाला लोक गवताची झापं बांधतात. तिथे भिंतीच्या बुडाला भोक ठेवणाऱ्या गवंड्याला कुणी दुसऱ्यांदा काम देणार नाही. दोघांनी आपापलं सगळं शहाणपण त्या भिंतीत ओतलं होतं, आणि त्यानंच गोदाम नापास होणार होतं.

हे सगळं मला आज समजतंय. त्या दिवशी मी नुसती भडकले. साहेब उद्या अकरा वाजता येणार म्हणून भडकले, आणि पाय चिखलात म्हणूनही भडकले. म्हटलं, "गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर खाली बसतो. खाली वाट नसेल तर साठत राहील, आणि एका ठिणगीला तुमची ही गुळगुळीत भिंत पुण्यात जाऊन पडेल. फोडा ती आधी."

बबनचं हसू गेलं. "गॅस म्हंजी वाराच की. वारा कुटं खाली बसतुया?"

"हा बसतो."

"अन् पावसाचं काय? आषाढात आत गुडघाभर पाणी हुईल. तुमच्या सोलापुरात पडतुया का पाऊस?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण आम्हाला पावसावरून बोललेलं सहन होत नाही. मी म्हटलं, "तुम्हाला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी."

बबननं हातातली थापी पिशवीत टाकली, पिशवी खांद्याला लावली आणि मालेच्या दिशेनं चालू लागला. इब्राहिमभाईंनी दोन हाका मारल्या. त्यानं मागे वळून पाहिलं नाही.

रशिदानं माझ्याकडे अशी नजर टाकली की मला आमच्या मुख्याध्यापिका आठवल्या. "तुझी जीभ अजून तशीच आहे," ती म्हणाली.

मी म्हटलं, "दुसरा गवंडी आणू. चार भोकं पाडायला किती वेळ लागतो?"

इब्राहिमभाईंनी मान हलवली. "दुसरा येणार नाही. इथं गवंडी दुसऱ्याच्या भिंतीला त्याच्या होकाराशिवाय पहार लावत नाही. चार दिवसांत भिंत उभी करून देतील, पण ती फोडणार नाहीत. मी मजूर लावला तर बबन जन्मात माझ्या दुकानाची पायरी चढायचा नाही. आणि माझं-त्याचं वैर झालं तर माझा गॅस मालेत कोण घेईल?"

आमच्या सोलापुरात असला कायदा नाही. आमच्याकडे एकाची भिंत दुसरा आनंदानं पाडतो. पण कायदा त्यांचा होता आणि जीभ माझी. संध्याकाळी मीच निघाले. रशिदा सोबत आली, आणि ह्या वेळी तिनं मला सडकेनं नेलं.

बबनच्या घरी

बबनचं घर गावाच्या टोकाला. दगडी, नीटस, एकही सांधा वाकडा नाही. आत शिरले आणि मला काही दिसेना. चूल पेटलेली होती आणि धूर छपराखाली कोंडून राहिला होता. धुरातून खोकण्याचा आवाज आला आणि मागोमाग बबनची बायको हौसाबाई आली. तिचे डोळे लालबुंद होते. पदरानं पुसत म्हणाली, "बसा, बाई. जरा वेळानं दिसायला लागंल."

खरंच जरा वेळानं दिसायला लागलं. बबन कोपऱ्यात सुतळी वळत बसला होता. त्यानं 'या' म्हटलं नाही, पण 'जा'ही म्हटलं नाही. हौसाबाईनं काळा चहा दिला. मी कप हातात घेऊन म्हटलं, "बबनराव, मी चुकीचं बोलले. मला वाईट वाटतंय."

तो सुतळी वळत राहिला. मी माफी मागून दुसरं काय म्हणायचं ते ठरवून आले नव्हते. शाळेत मुली ऐकत नसल्या की मी प्रश्न विचारते. दुसरं काही सुचेना, म्हणून तेच केलं.

"विहिरींची कामं करता का तुम्ही?"

"केली. पंधराएक."

"सुरुंग लावल्यावर लगेच उतरता?"

"छ्या. आधी कंदील सोडायचा दोरानं."

"कशाला?"

"इझला तर उतरायचं न्हाई."

"का? वरती तर एवढी मोकळी हवा असते. ती जात नाही का आत?"

"वरली हवा वरच ऱ्हाती. घाण हवा बुडाला..." आणि बबन थांबला.

चुलीतलं लाकूड तडतडलं. मग तो हळू म्हणाला, "थोरला भाऊ त्यातच गेला माझा. कंदील न्हेला न्हवता त्या दिशी."

मला हे माहीत नव्हतं. माहीत असतं तर मी विहिरीचं नाव काढलं नसतं. आमच्याकडे जमिनीखाली धान्याची पेवं असतात, त्यांतही असंच होतं, उघडल्या उघडल्या उतरलेला माणूस वर येत नाही, एवढंच मी कसंबसं सांगितलं.

बबननं सुतळी बाजूला ठेवली. "म्हंजी मी तितं हीरच बांधली. बिनपाण्याची."

"तुम्ही भिंत चांगली बांधली," मी म्हटलं. "फार चांगली. म्हणून तर भीती."

तो उठला, दाराशी जाऊन बाहेर बघत उभा राहिला. बाहेर खालच्या खाचरांत संध्याकाळचं धुकं उतरून बसलं होतं, बांधाच्या वर यायला तयार नव्हतं. तिथूनच म्हणाला, "पर पावसाचं काय, बाई? त्ये माझं बी खोटं न्हाई."

"तुमचं खरं आहे," मी म्हटलं. "त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. आमच्याकडे पाऊसच नाही."

तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

साहेबांचा दिवस

सकाळी आम्ही माळावर पोचलो तेव्हा पहारीचे घाव ऐकू येत होते. बबन उजाडायच्या आधीपासून कामाला लागला होता. चारी भिंतींची भोकं पुन्हा मोकळी केली होती, उंदीर-सापांसाठी दुहेरी जाळी बसवून होत होती. आणि पश्चिमेच्या भिंतीला त्यानं काहीतरी निराळंच मांडलं होतं. प्रत्येक झरोक्यावर बाहेरून एक घडीव दगडी फाडी तिरपी बसवली होती, दोन्ही बाजूंना दगडाचे कान, खाली मोकळं. घराला गवताचं झाप बांधतात, तसंच हे दगडाचं.

"घरनं आणलेल्या फाड्या हायेत," तो म्हणाला. "गोठा बांधायला घडवून ठिवल्या व्हत्या."

ते छान होतं, पण नकाशात नव्हतं. इब्राहिमभाईंनी नकाशा उघडला, मिटला, पुन्हा उघडला. रशिदा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. काढून टाकायला वेळ नव्हता, कारण खालच्या सडकेवर जीपची धूळ दिसू लागली होती.

साहेब तरुण होते, बूट चकचकीत, बोलणं मोजकं. त्यांनी कुंपण पाहिलं, दार पाहिलं, छप्पर पाहिलं, टेप लावून अंतरं घेतली. प्रत्येक वेळी कागदावर एक खूण. पश्चिमेच्या भिंतीशी आल्यावर पेन थांबलं.

"हे काय आहे? मंजूर नकाशात नाही हे."

इब्राहिमभाईंनी पुन्हा नकाशा उघडला. मी पुढे होणार तेवढ्यात रशिदानं माझा दंड असा धरला की दुसऱ्या दिवशी वळ होते. बबनच पुढे आला.

"पाऊस हिकडनं येतुया, साहेब. आडवा. भोकाला छत्री हाय ती."

"छत्री," साहेब म्हणाले. "पण त्यानं हवा अडत असेल तर?"

बबननं एक विडी काढली. साहेब दचकले, पण त्यानं ती पेटवली नाही, कानावर ठेवली आणि खिशातल्या विड्यांच्या बंडलाची पातळ कागदपट्टी सोडवली. ती झरोक्याच्या खालच्या तोंडाशी धरली. कागद फडफडला. मग पाण्याची बादली उचलून त्यानं भिंतीवर आडवी फेकली, एक, दोन, तीन, आषाढ फेकतो तशी. तिसऱ्या बादलीला साहेबांची विजार गुडघ्यापर्यंत भिजली. आमच्या पाचावर धारण बसली.

साहेब आपल्या विजारीकडे बघत राहिले. मग गोदामात गेले, ओणवे झाले आणि आतून झरोक्याखालच्या फरशीवर हात फिरवला. तळवा आम्हाला दाखवला. कोरडा होता.

"घाटमाथ्यावरची गोदामं मी पावसाळ्यात बघायला जातो," ते रुमालानं गुडघे पुसत म्हणाले. "जिथं जावं तिथं जाळ्यांत पोती कोंबलेली. पाणी येतं, दुसरं काय करणार, म्हणतात. कितीदा ओरडलो मी." त्यांनी फायलीच्या पाठीवर त्या दगडी छत्रीचं चित्र काढायला घेतलं. "इथं पोतं कोंबावं लागणार नाही."

"म्हून तर केलं," बबन म्हणाला.

"नकाशा सुधारून पाठवा, त्यात हे दाखवा. माझ्याकडून हरकत नाही." आणि त्यांनी कागदावर सही केली.

इब्राहिमभाईंनी साहेबांना वाकून नमस्कार केला, जीप वळून जाईपर्यंत उभे राहिले, आणि मग त्या गुळगुळीत भिंतीला टेकून खाली बसले. रशिदा त्यांच्याजवळ बसली. मी आणि बबन उगीचच दुसरीकडे बघत राहिलो. थोड्या वेळानं इब्राहिमभाई म्हणाले, "बबन, पहिला सिलिंडर तुझ्या घरी. हौसावहिनीला."

बबननं कानावरची विडी काढली आणि पेटवायला कुंपणाबाहेर गेला.

माले

पुढचे दोन दिवस पौडच्या शाळेत बायकांना शिकवण्यात गेले. सिलिंडर अजून आलाच नव्हता, तेव्हा नुसत्या शेगडीवर सगळं करून दाखवलं. दोन कपांचा चहा हवेतच उकळला. एका म्हातारीनं विचारलं, ह्याच्यावरची भाकरी पोटाला बाधत नाही ना? मी म्हटलं, सोलापुरात सगळे खातात. म्हातारी म्हणाली, "म्हून तर तुमी अशा वाळल्या." रशिदाला किती आनंद झाला ते सांगत नाही.

निघायच्या दिवशी बबनच्या घरी गेले. शेगडी तिथेच ठेवून जायचं ठरवलं होतं, भावाला काय सांगायचं ते सोलापूर जवळ आल्यावर बघू म्हटलं.

आत गेले तर नेहमीचा धूर, नेहमीचा खोकला. पण पश्चिमेच्या भिंतीला, जमिनीलगत, उजेडाचा एक चौकोन दिसत होता. जाळी लावलेली, बाहेरून तिरपी फाडी. तीस वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं बांधलेल्या, एक सांधा वाकडा नसलेल्या भिंतीला बबननं बुडात भोक पाडलं होतं.

"गॅस घरात येणार," तो म्हणाला. "बुडाची हवा जायाला नगं व्हय?"

मी म्हटलं, "बबनराव, अहो, तुमचं काम बघून..." आणि शेगडी खाली ठेवली.

हौसाबाई चुलीपुढे बसली होती. फुंकणी खाली ठेवून ती त्या चौकोनाकडे बघत होती. राग नव्हता तिच्या आवाजात, नुसती नवलाई होती.

"तीस वरसं ह्या घरात धूर गिळतीया मी," ती म्हणाली. "त्याला वाट करा म्हणलं, तर म्हनायचे, पाऊस येईल. म्हनायचे, धुरानं वासं टिकत्यात, किडा लागत न्हाई. अन् गॅस अजून आला बी न्हाई, बाई, तर त्याला वाट तयार."

मी बबनकडे पाहिलं नाही, बघवलं नाही. चुलीवर भाकरी टम्म फुगली, ती काढायलाही हौसाबाई विसरली.

मग बबननं दारामागची पहार घेतली.

"गॅस आल्यावर चूल मोडणार व्हय तू?" त्यानं विचारलं.

"न्हाई. भाकरी हिच्यावरच."

"मंग सांग. कुटं पाडू?"

हौसाबाई पदराला हात पुसत उठली. चुलीच्या वर, जिथे तीस वर्षांची काजळी सगळ्यात जाड होती, तिथे टाचा उंचावून तिनं भिंतीवर बोट टेकवलं.

"हितं," ती म्हणाली. "अन् मोठं पाडा."